शेकडा सव्वा रुपया : खाणवाल्यांनी स्वतःचं हॉस्पिटल कसं चालवलं

पगार झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या अकाउंट्सच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो, मॅडम हे १३५ रुपये कसले कापलेत. रबाळे एमआयडीसीत पगाराचं काम करते मी, इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न काही सुटत नाही. मी सांगते ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, समोरचा म्हणतो मी तर आजारीच पडलो नाही, मग ते माझे परत द्या ना. गेल्या महिन्यात आमच्या लेथवर काम करणारा एक जण जेवणाच्या सुट्टीत आला आणि हेच म्हणाला, पण तो जरा चिवट होता, हटायलाच तयार नाही. म्हणाला मॅडम ही आयडिया काढली कोणी? म्हटलं बस, डबा उघड, सांगते.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, थोडं जास्त व्यवस्थित.

आपल्याला जावं लागेल ब्रिटनमधल्या वेल्सला. दक्षिण वेल्स म्हणजे कोळशाचा मुलूख, एकाशेजारी एक अशा लांबट चिंचोळ्या दऱ्या, आणि प्रत्येक दरीत खाणी, रेल्वेलाइन, नदी आणि उतारावर ओळीने बांधलेल्या घरांच्या चाळी. डोळ्यासमोर येत नसेल तर ठाणे-बेलापूर रोडवर उभं राहून बघा, एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या पट्टीत सगळं कोंबलेलं, रोड, रेल्वे, कारखाने, वस्ती. तिथे खाडीच्या जागी दुसरा डोंगर ठेवा, झाली दरी. त्यातल्या सिरहाउई नावाच्या दरीत ट्रेडीगर नावाचं गाव आहे. साधारण १८०० च्या सुमाराला तिथे लोखंडाचा कारखाना आला, मग कोळसा, मग माणसं, आणि माणसांमागून आजार. १८३२ आणि १८४९ मध्ये पटकी आली तेव्हा मेलेल्यांना गावातल्या दफनभूमीत नको म्हणून वर डोंगरावर वेगळं पुरलं, ते कबरस्थान आजही आहे.

आता खाणकामगाराचं शरीर कशाने मोडतं हे वेगळं सांगायला नको. छत कोसळतं, गाडी अंगावर येते, वायूचा स्फोट होतो, आणि हे काहीच झालं नाही तर २०-३० वर्षांत धूळ छातीत बसते. पारसिकच्या दगडखाणीत ज्यांच्या घरातलं कोणी होतं त्यांना ही धूळ माहीत आहे, दगडाची वेगळी आणि कोळशाची वेगळी पण खोकला दोन्हीकडे तोच. (लेथवाल्याचे वडील तिथेच होते. तो यावर काही बोलला नाही, नुसती मान हलवली.)

मग डॉक्टर कोण? सुरुवातीला कंपनीच डॉक्टर नेमायची आणि पैसे मात्र कामगारांच्या पगारातून कापायची. इथे खरी मेख आहे बरं का. म्हणजे डॉक्टरला पैसे देतो कामगार पण त्याला ठेवायचा की काढायचा हे ठरवतो मालक, मग डॉक्टर कोणाचं ऐकणार? १८९७ मध्ये तिकडे कायदा झाला की कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, म्हणजे तर अजूनच पंचाईत, कारण हा माणूस कामाला फिट आहे की नाही हे लिहून देणाराच मालकाच्या मर्जीतला असला तर त्या कागदावर मोडलेल्या पाठीचाही माणूस फिट निघू शकतो. त्यामुळे दक्षिण वेल्सच्या दऱ्यादऱ्यांतून कामगारांनी जी मागणी लावून धरली ती फुकट औषधाची नव्हती, ती होती की पैसे आमचे आहेत तर डॉक्टर आम्ही नेमणार.

ट्रेडीगरमध्ये १८९० साली गावातली छोटीमोठी आजार-फंडांची मंडळं एकत्र येऊन एक मोठा फंड झाला, पुढे तो ट्रेडीगर मेडिकल एड सोसायटी म्हणून ओळखला गेला. सोसायटी म्हटल्यावर आपल्याला बिल्डिंग आठवते, आणि खरं सांगू, समजून घ्यायला तीच उपमा सगळ्यात बरी पडते. आपण महिन्याचा मेंटेनन्स भरतो. पंप जळला, लिफ्ट अडकली, टाकी फुटली की त्यातून पैसे निघतात. तळमजल्यावरचा कधी कुरकुरतो की मी लिफ्ट वापरत नाही, त्याला समजावावं लागतं, पण शेवटी तोही भरतो. पंप जळाला त्याच दिवशी घरोघरी वर्गणी मागत फिरलं तर पाणी चढायला आठवडा लागेल. त्यांनी हेच केलं, फक्त पंपाच्या जागी माणसाचं शरीर.

वर्गणी किती? पगाराच्या एका पौंडामागे ३ पेनी. जुन्या हिशोबात एका पौंडाचे २४० पेनी व्हायचे. म्हणजे २४० मध्ये ३, हिशोब केला तर १.२५ टक्के, आपल्या भाषेत शेकडा सव्वा रुपया. देवापुढे ठेवतो तो सव्वा रुपया! मला हा आकडा निघाला तेव्हा मी एकटीच हसले ऑफिसमध्ये. कोणी आठवड्याला २ पौंड कमावत असेल तर त्याचे ६ पेनी, ३ पौंड कमावत असेल तर ९. ज्याला जास्त पगार त्याचे जास्त कापणार, आणि औषध मात्र दोघांना सारखंच.

बरं हे पैसे घरोघरी जाऊन गोळा नाही करायचे, खाणीच्या ऑफिसातच पगारातून कापून सोसायटीकडे यायचे. ही गोष्ट बारीक वाटते पण सगळा खेळ इथेच आहे. ज्याने कधी बिल्डिंगच्या खजिनदाराचं काम केलंय त्याला विचारा थकबाकी म्हणजे काय. वर्गणी ऐच्छिक ठेवली तर काय होतं, धडधाकट माणूस म्हणतो मला काय होतंय आणि निघून जातो, फंडात उरतात फक्त आजारी, मग खर्च वाढतो, खर्च वाढला की वर्गणी वाढवावी लागते, वर्गणी वाढली की अजून धडधाकट लोक बाहेर पडतात, आणि असं करत करत फंड बुडतो. जगातल्या कुठल्याही आरोग्य विम्याचं हे जुनं दुखणं आहे. पगारातून सगळ्यांचेच कापले की हे दुष्टचक्र सुरूच होत नाही. म्हणून त्या लेथवाल्याला मी म्हटलं, तू आजारी पडला नाहीस म्हणूनच हा फंड उभा आहे रे, तू भिशी समजतोयस याला. भिशीत प्रत्येकाची पाळी येते आणि आपण पाळीची वाट बघतो, इथे आपली पाळी येऊ नये म्हणून आपण भरतो.

डॉक्टर सोसायटीच्या पगारावर. हा दुसरा मोठा मुद्दा. आपल्याकडे डॉक्टरला दर खेपेला फी देतो, म्हणजे पेशंट जितक्या वेळा येईल तितकी कमाई, मग कोणाला मुद्दाम नाही म्हणत मी पण पुन्हा बोलावण्याचा मोह तर आहेच ना. पगारावर असलेल्या डॉक्टरला पेशंट लवकर बरा झाला तर उलट सुटका. अर्थात याचीही एक वाईट बाजू आहे, पगार ठरलेला असला की एकेका पेशंटला झटपट उरकायचा मोह होतो, रांगा लागतात. दोन्हीत मोह आहेत, फरक एवढाच की इथे उरकाउरकी केली तर तक्रार न्यायला समोर कमिटी होती, आणि त्या कमिटीत बसणारे लोक सकाळी त्याच खाणीत उतरणारे.

१९२० च्या दशकात या सोसायटीकडे ५ डॉक्टर, १ सर्जन, २ औषधं देणारे फार्मासिस्ट, १ फिजिओथेरपिस्ट, १ दाताचा डॉक्टर आणि घरोघर जाणारी नर्स एवढा स्टाफ होता. चष्मे मिळायचे, कवळ्या मिळायच्या, कृत्रिम हातपाय मिळायचे. आणि फक्त कमावणाऱ्या माणसाला नाही, बायकामुलांना पण. हे का मोठं आहे तर १९११ मध्ये ब्रिटन सरकारने कामगारांचा विमा काढला, कामगाराचे ४ पेनी, मालकाचे ३ आणि सरकारचे २, छान योजना होती पण डॉक्टर मिळायचा तो फक्त कमावत्याला. बाई बाळंत झाली, पोराला गोवर निघाला तर ते तुमचं तुम्ही बघा. दरीतल्या फंडात हे असं नव्हतं. खाणीत काम न करणारे गावकरी सुद्धा वर्गणी भरून मेंबर होऊ शकायचे, आणि १९४० च्या दशकात चित्र असं होतं की गावची वस्ती सुमारे २४,००० आणि त्यातले सुमारे २२,८०० सोसायटीच्या छत्राखाली. म्हणजे ९५ टक्के! आमच्या बिल्डिंगच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही.

आता हॉस्पिटल. डॉक्टर असून चालत नाही, पाय कापायची वेळ आली तर खाट लागते, टेबल लागतं. मोठी हॉस्पिटलं लांब, शहरात, आणि खाणीतून चिरडलेला माणूस काढला तर तेवढा प्रवास तो टिकणार का. तेव्हा इंग्लंडात कॉटेज हॉस्पिटल हा प्रकार सुरू झालेला, पहिलं १८५९ मध्ये सरे परगण्यातल्या क्रॅनली गावात. कॉटेज म्हणजे साधं घर, त्यात थोड्या खाटा, आणि मोठा बडा सर्जन नाही तर गावातलेच डॉक्टर येऊन आपापले पेशंट बघणार. आपल्याकडे हा शब्द पोचला आणि त्याचं कुटीर रुग्णालय झालं, जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे ना, तो कुटीर इथला. ट्रेडीगरचं कॉटेज हॉस्पिटल १९०४ मध्ये उघडलं. जमीन तिथल्या जमीनदाराने, लॉर्ड ट्रेडीगरने दिली आणि कामगारांनी वर्गणी घातली. एकाने जागा देणं, बाकीच्यांनी वर्गणी काढणं, आपल्या गावाकडे देवळं आणि शाळा अशाच तर उभ्या राहिल्या.

सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल थोडं सांगते कारण मला हा माणूस फार आवडतो. वॉल्टर कॉनवे. अनाथ होता, तिकडे गरिबांना ठेवायची वर्कहाऊस नावाची जागा असायची, त्यात वाढला. वर्कहाऊस म्हणजे जेवण मिळेल पण मान मिळणार नाही अशी जागा. तो पुढे खाणीत गेला, आणि १९१५ पासून या सोसायटीचा सेक्रेटरी. १९३३ मध्ये वारला तोपर्यंत तेच काम. ज्याने दयेची भाकरी खाल्ली त्यानेच दया नको, हक्काचं हवं असला फंड चालवला. याच्या हाताखाली एक तरुण पोरगा तयार झाला, बोलताना अडखळणारा, त्याला याने सांगितलं की शब्द अडतात कारण तुझा विचार पक्का झालेला नसतो.

तो पोरगा म्हणजे अनायरिन बेवन. गावात नाय बेवन म्हणायचे, हो नायच, आपल्याकडे आगरी माणूस नाय म्हणतो तसंच. १८९७ चा जन्म, १३ व्या वर्षी खाणीत. बाप पण खाणीत, १९२५ मध्ये बाप धुळीच्या आजाराने त्याच्यासमोर गेला आणि भरपाई एक पेनी मिळाली नाही, कारण खाणकामगारांना होणारा तो छातीचा रोग तेव्हा भरपाईच्या यादीतच नव्हता. खोकत मेला हा नैसर्गिक मृत्यू! बेवन त्याच दशकात हॉस्पिटलच्या कमिटीवर काम करत होता, म्हणजे खाटा किती, औषधाचं बिल किती, सर्जनला पगार किती हे सगळं त्याने पुस्तकातून नाही, मीटिंगच्या टेबलावर शिकून घेतलं. योगायोग असा की त्याच सुमारास तिथे नोकरीला असलेल्या एका तरुण डॉक्टरने पुढे त्या अनुभवावर कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून आपल्याकडे हिंदी सिनेमासुद्धा निघाला, कोळशाच्या खाणीच्या गावातला डॉक्टर वगैरे, पाहिला असेल कोणी कोणी.

इथपर्यंत ऐकून लेथवाला म्हणाला, मग भारीच की, सगळीकडे असंच करायचं. तर थांब. याच्यात एक भोक आहे.

समजा बिल्डिंगमध्ये ६० फ्लॅट आहेत आणि साठच्या साठ लोक एकाच कंपनीत कामाला आहेत. कंपनी बंद पडली. मेंटेनन्स कोण भरणार? दरीतल्या फंडाचं हेच होतं. सगळ्यांचा पगार एकाच कोळशावर. दक्षिण वेल्समध्ये १९२० साली पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं खाणीत होती, त्यानंतर बाजार पडला, १९२६ मध्ये तर खाणमालकांनी दरवाजे बंद केले आणि सात महिने काम नाही. पगार नाही म्हणजे कापायला काही नाही. आणि लोकं आजारी तर नेमकी तेव्हाच जास्त पडतात, पोटाला कमी मिळतं, घरात शेगडी पेटत नाही. फंड आपलं एकट्याचं संकट झेलतो, आज माझा हात मोडला उद्या तुझा, पण सगळ्यांचा हात एकाच दिवशी मोडला तर कुठलाही छोटा फंड आडवा होतो. विमावाले हेच बघतात, माणसं किती आहेत याच्या इतकंच ती एकमेकांपासून किती वेगळी आहेत हे महत्त्वाचं. शेजारच्या दरीत फंड कमजोर, पलीकडच्या दरीत फंडच नाही, आणि शहरात बडं हॉस्पिटल पण ते दानावर चाललेलं, दानशूर मेला की खाटा कमी.

उपाय एकच, भांडं मोठं करायचं. कोळशाची दरी, कापडाची गिरणी, लंडनचा कारकून, सगळे एकाच भांड्यात. १९४५ मध्ये बेवन आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, वर्गणीच्या जागी मुख्यतः करातून पैसा, आणि दवाखान्याच्या दारात कोणालाही बिल नाही. आम्ही ट्रेडीगरला जे केलं तेच मी सगळ्या देशाला देतोय, तुमचं सगळ्यांचं ट्रेडीगर करतो, अशा अर्थाचं त्याचं बोलणं प्रसिद्ध आहे. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला होता, ती वेगळी आणि लांबलचक गोष्ट. त्या एका दिवसात इंग्लंड आणि वेल्समधली अडीच हजारांहून जास्त हॉस्पिटलं सरकारकडे आली, त्यात ट्रेडीगरचंही.

आणि इथेच मला जरा चुटपुट लागते. भांडं मोठं झालं पण पळी गेली. कॉनवेच्या टेबलावर बसून डॉक्टरला जाब विचारणारी कमिटी संपली, निर्णय वरून यायला लागले. बेवनचं म्हणून एक वाक्य सांगतात की ट्रेडीगरच्या हॉस्पिटलात बेडपॅन पडलं तरी त्याचा आवाज पार्लमेंटमध्ये घुमला पाहिजे. म्हणजे जबाबदारी थेट मंत्र्याची. ऐकायला झकास, पण आधी तो आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू यायचा आणि तिथूनच माणूस धावत यायचा. तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, सरकारने कवळ्या आणि चष्म्याला पैसे आकारायचं ठरवलं तर याने राजीनामा दिला. लोक म्हणाले चष्म्यासाठी मंत्रिपद सोडतो का कोणी. पण त्याच्या गावात कवळी आणि चष्मा त्या शेकडा सव्वा रुपयात कधीपासून मिळत होता, त्यामुळे त्याला ते किरकोळ वाटलंच नसणार. ट्रेडीगरचं ते हॉस्पिटल २०१० मध्ये बंद झालं. शेजारच्या एब व्हेलमध्ये नवीन मोठं झालं, त्याला बेवनचंच नाव आहे.

आपल्याकडे असं कोणी केलं नाही का? केलं की. छत्तीसगडमधलं दल्ली राजहरा, भिलाई स्टील प्लांटला लोहखनिज जातं तिथून. कायम कामगारांना प्लांटचं हॉस्पिटल होतं पण कंत्राटी मजुरांना दारात कोण उभं करतोय. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली या मजुरांची युनियन झाली, त्याच वर्षी पोलिस गोळीबारात ११ जण मेले. युनियनची एक पुढारी बाई, कुसुमबाई, बाळंतपणात नीट उपचार न मिळाल्याने गेली, आणि लोकांनी ठरवलं की आता आपलंच बांधायचं. दिवसभर खाणीत राबून मग श्रमदान, आणि ३ जून १९८३ ला १५ खाटांचं शहीद हॉस्पिटल सुरू झालं. बिनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर तिथे आले, मजुरांमधूनच काही जण आरोग्याचं काम शिकून उभे राहिले. ना पगारातून कापायची सोय, कारण कंत्राटदार कशाला कापून देईल, ना लॉर्डची जमीन. तरी प्रश्न तोच होता जो ट्रेडीगरला होता, डॉक्टर कोणाचा.

आता परत आपल्या १३५ रुपयांवर येते. १९४८ सालीच, तिकडची सेवा सुरू व्हायच्या काही महिने आधी, आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून प्रत्यक्ष सुरुवात. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना लागू. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. १८,००० पगार असेल तर तुझे १३५ आणि कंपनीचे ५८५, मिळून ७२०. ट्रेडीगरच्या दराने तुझे २२५ गेले असते आणि मालकाचं काही नाही. हे ऐकून तो गप्प झाला, कारण ते ५८५ त्याच्या स्लिपवर दिसतच नाहीत, ते कंपनी परस्पर भरते. माझ्या मते ते स्लिपवर छापले पाहिजेत, मी दोनदा सुचवलंय, बघू.

मग त्याने नेमका तो प्रश्न विचारला. मॅडम, ह्यांच्या कमिटीवर आपलं कोण? म्हटलं आहे बाबा, दिल्लीच्या महामंडळावर मालकांचे १० प्रतिनिधी असतात तसे कामगारांचेही १० असतात. देशभरातून १०. तो हसला, डबा बंद केला, म्हणाला म्हणजे बेडपॅन जोरात पाडायला लागेल.

जाता जाता मी त्याचं रेकॉर्ड उघडून बघितलं तर कुटुंबात फक्त बायकोचं नाव. दोन मुलं नाहीत, आईवडील नाहीत. वर्षानुवर्षं पैसे कापले जातायत आणि यादीत माणसंच नाहीत, हे आमच्याकडे इतक्या जणांचं निघालं की आता मी रोज जेवणाच्या सुट्टीत पाच पाच जणांचं बघते. मुलांची नावं त्याच दिवशी टाकली. वडिलांचं आधार सोमवारी आणतो म्हणालाय, त्यांचा खोकला आधी दाखवायचाय.